बावीस किलो

आधीच सांगून ठेवतो, मी खोटं बोललेलो नाही. निदान चारचौघांत तरी नाही. दहा-बारा माणसं उभी होती, तपासनीस होता, माझी बायको होती, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात मी म्हणालो होतो की पाइप पातळ आहे. आता लोकांनी ते ऐकून दात काढले, तर मी काय त्यांच्या कानात स्क्रू पिळू?

पण पहिल्यापासून सांगायला हवं, नाहीतर तुम्हीही मधूनच ऐकाल आणि मलाच शहाणपण शिकवाल.

गॅरेज वडिलांचं. ते गेले आणि दोन महिन्यांत मधे भिंत उभी राहिली. दादाला रस्त्याकडची बाजू मिळाली, वडिलांच्या नावाच्या पाटीसकट. मला मागची, गल्लीतली, जिथं गाडी आत घ्यायची तर दोन्हीकडचे आरसे मिटवून घ्यावे लागतात. का, तर दादा म्हणाला, "तुझं काम वेल्डिंगचं. तुला गिऱ्हाइकाचं तोंड बघायची काय गरज?" आणि गिऱ्हाइकांना माझी ओळख करून द्यायचा ती कशी? "हा आमचा धाकटा. हात चांगला आहे, डोकं नाही." वीस वर्षं हे एकच वाक्य. लोक हसायचे, मीही हसायचो. एकदा तर मी जोडून दिलेला सायलेन्सर त्याने गिऱ्हाइकासमोर कापला आणि पुन्हा जोडला. माझी जोडणी नीट होती. सरळ होती, भरीव होती. नुसतं दाखवायचं होतं की मालक कोण. तेव्हा माझ्या अंगाचा जो तिळपापड झाला तो अजून थांबलेला नाही.

त्याची पोरगी मात्र वेगळी. आम्हाला मूलबाळ नाही, आणि वहिनी गेल्यापासून पुतणी दुपारी आमच्याकडेच जेवायची. जेवली की घरी जायचं सोडून माझ्या गॅरेजात. बारा वर्षांची असल्यापासून मी तिला शिकवलं. डोळे मीट आणि इंजिन ऐक, म्हणायचो. कुठला प्लग मेलाय ते आवाजावरून सांग. बाई गं, काय कान होता पोरीचा! बॉनेट न उघडता सांगायची. एकोणिसाव्या वर्षी तर गाडी अशी चालवायला लागली की मीच बाजूच्या सीटवर दांडी धरून बसायचो. दादाकडे ती कधी शिकली नाही. दादाकडे वेळ कुठं होता, त्याला पाटीखाली उभं राहायचं असायचं.

आता शर्यतीचं सांगतो. आमच्याकडे गावाबाहेर बंद पडलेल्या खाणीचं मैदान आहे. तिथं वर्षातून चार वेळा स्वस्तातल्या गाड्यांची शर्यत लागते. पैसेवाल्यांनी पळवाट काढू नये म्हणून त्यात एक नियम आहे, आणि तो नीट लक्षात घ्या. शर्यत संपल्यावर अर्ध्या तासात, भाग घेतलेला कोणीही जिंकलेली गाडी मागू शकतो. किंमत आधीच ठरलेली, सगळ्यांना एकच, आणि ती एवढीशी. देणार नाही म्हणालात तर कायमचे बाहेर. म्हणजे गाडीत सोनं ओतलंत तर ते दुसऱ्याच्या घरी जाणार. म्हणून सगळे भंगारातूनच गाड्या उभ्या करतात.

या नियमामुळे एक गमतीची रीत पडली होती. कोणी गाडी मागितली की आधीचा मालक सगळ्यांसमोर स्वतःच्याच गाडीला शिव्या घालायला लागायचा. गिअरबॉक्स गेलाय, इंजिन तेल पितंय, ब्रेक देवाच्या भरवशावर आहेत. मागणाऱ्याने घाबरून माघार घ्यावी म्हणून. याला आम्ही रडगाणं म्हणायचो. जिंकलेल्याचं रडगाणं ऐकायला लोक शर्यतीपेक्षा जास्त गर्दी करायचे. एकाने तर गाडीत भूत आहे म्हणून सांगितलं होतं.

तीन वर्षं दादाच जिंकत होता. त्याच्याकडे दोन पगारी माणसं, लिफ्ट, सगळं. म्हटलं, एकदा. फक्त एकदा त्याच्या नाकावर टिच्चून पहिलं यायचं. मला चषक नको होता, काही नको होतं. त्याचं तोंड बघायचं होतं.

गाडी मिळाली एका बेकरीवाल्याची. सगळ्यात साधी, सगळ्यात स्वस्त, तीन सिलिंडरची चिमुकली गाडी, जी लोक पहिली नोकरी लागली की घेतात आणि पहिलं पोर झालं की विकतात. मागच्या सीटच्या फटींतून ओंजळभर पाव निघाला, दगड झालेला. बायकोने नाक मुरडलं आणि बाह्या वर केल्या. ती शिवणकाम करते, पण पाना कुठला कुठं लागतो ते तिला दादाच्या पगारी माणसांपेक्षा बरं कळतं.

इंजिन वाढवायला आपल्याजवळ काही नाही, तर मग वजन काढायचं. तेवढंच फुकट असतं. मागची सीट काढली, बाजूची काढली. गालिचा, छताचं कापड, दारांच्या आतले पुठ्ठे, हीटर, वायपरची मागची मोटर. काचांच्या जागी प्लास्टिकचे पत्रे लावले. पत्र्याला आवाज येऊ नये म्हणून कंपनीने फरशीवर डांबराचे जाड थर चिकटवलेले असतात. ते बायकोने गरम हवेच्या बंदुकीने मऊ करून खरवडले, चार दिवस. प्रत्येक गोष्ट वजनकाट्यावर ठेवायची आणि भिंतीवर खडूने लिहायची. स्प्रिंगा एकेक वेढा कापून गाडी खाली बसवली. टायर जुने पण मऊ रबराचे मिळवले. गाडी इतकी हलकी झाली की मी आणि बायको मिळून तिचं मागचं टोक उचलायचो आणि हसायचो. खोटं कशाला बोलू, लग्नानंतर आम्ही एवढे कधी हसलो नव्हतो.

आणि तरी, नियमातला पिंजरा धरला तर, दादाच्या गाडीपेक्षा आमची वीस-बावीस किलो जड भरत होती.

राहिला पिंजरा. गाडी उलटली तर छप्पर डोक्यावर येऊ नये म्हणून आतून पाइपांची चौकट वेल्ड करतात, त्याला आम्ही पिंजरा म्हणतो. नियमाप्रमाणे त्याच्या पाइपाची जाडी अडीच मिलिमीटर हवी. तसा पिंजरा भरतो चव्वेचाळीस किलो. माझ्याकडे शाळेच्या बाकांच्या कामातला पाइप उरला होता. बाहेरून तेवढाच गोल, तसाच काळा. जाडी सव्वा. त्याचा पिंजरा भरतो बावीस.

आता तपासनीस कसा तपासतो ते मला माहीत होतं. पोट सुटलेला म्हातारा, गुडघा दुखरा. तो गाडीत शिरत नाही. ड्रायव्हरच्या दारातून वाकतो, सीटमागच्या उभ्या पाइपाला वितीभर उंचीवर बारीक भोक पाडतो, आत तारेचा आकडा घालून जाडी मोजतो आणि सही करतो. दहा वर्षं, प्रत्येक गाडीला, त्याच जागी. दादाच्या गाडीला, माझ्या गाडीला, सगळ्यांच्या.

मी त्या जागी जाड पाइपाचा फूटभर तुकडा जोडला. खाली पातळ, वर पातळ, मधे फूटभर जाड. जोड घासून असे सपाट केले की नखाला लागू नयेत. वर रंग.

पाइप धरायला बायको होती. तिने हातातला तुकडा तोलून पाहिला आणि म्हणाली, "अहो, हा तर बाकांचा."

"मग?"

"उलटली गाडी तर?"

"मी उलटवत नाही. आणि उलटली तर मान माझी, डोकं माझं. नाहीतरी मला डोकं नाहीच म्हणतात."

 ती पाइप धरून उभी राहिली. हे तिनेही लक्षात ठेवावं, की पाइप तिने धरला होता.

तपासनीस आला, वाकला, भोक पाडलं, सही केली. वर म्हणाला काय, की असली सुबक जोडणी मी दहा वर्षांत पाहिली नाही. आणि दोन-चार पोरांना बोलावून माझा पिंजरा दाखवला. म्हणाला, शिका, असं काम असतं! माझी छाती फुगली की नाही? फुगली. काम सुबक होतंच. पातळ पाइपावर इतकं देखणं वेल्डिंग करून दाखवावं कोणी.

शर्यतीचं लांबवत नाही. पंचवीस फेऱ्या. दादाच्या गाडीत पुतणी, माझ्या गाडीत मी. तेविसाव्या फेरीपर्यंत मी तिच्या मागे, तोंडात माती. मग वळणावर तिची गाडी बाहेर ओढली गेली, आणि मी आतून निघालो. जिंकलो! गाडीतून उतरलो. पुतणी धावत आली आणि हेल्मेटसकट गळ्यात पडली. हरली होती, तरी. "काका, काय गाडी काढलीस रे!" म्हणाली. मी तिच्या खांद्यावरून दादाचं तोंड बघत होतो.

दादाचं तोंड पडलं नव्हतं. तेच मला आवडलं नाही. तो शांतपणे चालत तपासनिसाच्या टेबलाकडे गेला आणि म्हणाला, "गाडी मी मागतो."

 बघा, एवढी वर्षं तो नियम होता, पण भावाची गाडी भावाने मागितली असं कधी झालं नव्हतं. आणि मला ते सुचलंच नाही. बाकी कोणी मागेल म्हणावं, तर माझ्या गाडीला कोण विचारतो, असं मी धरून चाललो होतो.

"कोणासाठी?" मी विचारलं.

"कोणासाठी म्हणजे? पोरीसाठी. पुढची शर्यत ती यातून करेल."

गर्दी जमायला लागली. रडगाणं ऐकायचं होतं ना सगळ्यांना. बायकोने मागून माझा शर्ट ओढला. हळूच म्हणाली, "सांगा."

मी बघितलं, चहूकडे बत्तीशी. आणि मला सांगायचं होतं, खरंच होतं. पण कसं सांगितलं असतं? तपासनिसाला बाजूला घेऊन, भोक वर पाड, अजून एक भोक पाड, असं? म्हणजे जिंकलेलं गेलं, शर्यत कायमची गेली, आणि दादासमोर मान खाली. त्या अर्ध्या तासात पिंजरा बनवून द्याल का म्हणून सहा जणांनी विचारलं होतं. ते सगळं गेलं. म्हणून मी तोंड वर केलं आणि मोठ्याने, रडगाण्याच्या सुरात म्हणालो, "घेऊ नकोस रे बाबा, पाइप पातळ आहे! शाळेच्या बाकांचा पिंजरा आहे! फुंकर मारलीस तर वाकेल!"

हसून हसून लोकांची मुरकुंडी वळली. तपासनीस पोट धरून म्हणाला, "मी स्वतः भोक पाडलंय, मला सांगतोस?" कोणीतरी शिट्टी मारली. दादासुद्धा हसला. माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "तुझ्या हातचा पिंजरा आहे म्हणून तर घेतोय. पोरीला दुसऱ्या कोणाच्या जोडणीवर बसवणार नाही मी."

मला वाटलं टोमणा मारतोय. आजही सांगता येत नाही की नव्हता.

घरी येताना बायको म्हणाली, "हे सांगणं नव्हे."

"शब्द न् शब्द खरा होता."

"कोणी खरं धरू नये असा सांगितलात."

बाई कधी कधी असं बोलते की वाटतं हिला रडू यावं म्हणून काहीतरी फेकून मारावं. मी काही फेकलं नाही. जेवलोही नाही.

पुढची शर्यत या वेळी महिन्यानेच होती. तीन आठवडे तिने मला सुखाने बसू दिलं नाही. सांगितलंत का, कधी सांगणार, मी जाऊन सांगू का. मी म्हणालो, तू गेलीस तर या घरात पाऊल ठेवू नकोस. पण शेवटी मीच निघालो. खरंच निघालो, एका सकाळी, आंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून. भावाला बाजूला घ्यायचं, दोन वाक्यांत सांगायचं, पिंजरा कापून नवा बसवून द्यायचा, माझ्या पदरचा पाइप घालून. भिंतीपलीकडे तर जायचं होतं.

पाटीखालून आत शिरलो तर काय दृश्य? माझी गाडी लिफ्टवर, आणि दादा तीन गिऱ्हाइकांना घेऊन तिच्याखाली उभा. हातात ग्राइंडर. सीटच्या बुडाला मी वेल्ड केलेल्या चार पायांपैकी दोन त्याने कापून काढले होते आणि स्वतः पुन्हा जोडत होता. मला बघून म्हणाला, "ये, ये. हा आमचा धाकटा. हात चांगला आहे, डोकं—"

तेवढंच. बाकीचं गिऱ्हाइकांनीच पूर्ण केलं, पाठ होतं त्यांना.

 मी वळलो आणि मागच्या बाजूला हात धुवायचं निमित्त करून गेलो. नळाशी उभा होतो तर पुतणी आली. तिच्या हातात दहाचा पाना.

"काका, एक विचारू?"

"विचार."

"काल मी पिंजरा वाजवून बघत होते. सीटमागचा पाइप आहे ना, तो खाली टण्ण वाजतो, मधे ठक्क, वर पुन्हा टण्ण. एकाच पाइपाचे दोन आवाज कसे?"

 दहा वर्षं भोकं पाडणाऱ्याला कळलं नाही, तीस वर्षं गॅरेज चालवणाऱ्याला कळलं नाही, आणि हिने पान्याने ओळखलं. मीच शिकवलं होतं तिला. अभिमान वाटला, शपथेवर सांगतो, त्या क्षणीसुद्धा वाटला.

"बाबांना विचारलंस?"

"बाबा म्हणाले, काकाला विचार, त्याने जोडलाय. काही असेल तर सांग हं. मी नाही बसणार मग. बाबांना काय सांगायचं ते मी बघीन, तुझं नाव नाही घेणार."

बघा, किती सोपं करून दिलं होतं पोरीने. नाव नाही घेणार म्हणाली. नुसती मान हलवायची होती. आणि तेवढ्यात बाहेरून पुन्हा हसण्याचा आवाज आला, गिऱ्हाइकांचा, आणि त्यात दादाचा सगळ्यात मोठा. आणि मग ग्राइंडर सुरू झाला. माझी जोडणी कापत होता तो.

"मधे आतून बाही घातली आहे," मी म्हणालो. "दुहेरी केलाय पाइप, मजबुतीसाठी. म्हणून ठक्क वाजतो. बिनधास्त बस."

तिचा चेहरा उजळला. "मला वाटलंच असं काहीतरी असणार," म्हणाली, आणि पाना हवेत उडवून झेलत निघून गेली.

दादाचा सत्यानाश व्हावा, असं मला वाटत होतं. पोरीला काही व्हावं असं मनात नव्हतं. गाडी हरावी, तिची दारं निखळून पडावीत, त्याचं हसं व्हावं, इथपर्यंत. गाड्या दर शर्यतीला कुठं उलटतात? वर्षात एखादी.

घरी बायकोने विचारलं, "सांगितलंत?"

"सांगितलं. एकटीला गाठून सांगितलं. बघते म्हणाली."

तिने हात जोडले आणि स्वयंपाकाला लागली. त्या दिवशी मला दोनदा वाढलं.

शर्यतीच्या दिवशी मी गेलो होतो. जायचं नव्हतं, पण घरी बसलो असतो तर बायकोने कारण विचारलं असतं. पुतणीने हेल्मेट घालताना लांबून मला अंगठा दाखवला. मी हात वर केला. अकराव्या फेरीत एका पोराचा ब्रेक चुकला आणि तो मागून तिच्या चाकावर चढला. माझी गाडी हलकी, एवढी हलकी की ती बाजूला गेली नाही, उडाली. दोन कोलांट्या आणि मग छपरावर.

अशा उलटलेल्या गाड्या मी खूप पाहिल्यात. पोरं बेल्ट सोडून उलटी बाहेर येतात आणि धूळ झटकतात. ही आली नाही. छप्पर सीटच्या पाठीपर्यंत बसलं होतं.

सोडवायला आलेल्यांनी मोठा कातरा लावला. जाड पाइप कापायला त्यांना वेळ लागतो, मशीन कण्हतं. इथं कच्च करून गेला, दुधी चिरावा तसा. दादा गुडघ्यावर बसून पोरीला हाका मारत होता. कापलेलं एक टोक त्याच्या समोर पडलं. त्याने ते उचललं. तोही कारागीर माणूस आहे, त्याला मोजपट्टी लागत नाही. अंगठा आणि बोट लावलं आणि त्याला कळलं.

तो उठला तो सरळ माझ्याकडे. कॉलर धरली. "पातळ आहे," एवढंच म्हणत होता. "हा पातळ आहे. हा पातळ आहे."

"मी सांगितलं होतं," मी म्हणालो. "दादा, मी दहा माणसांसमोर सांगितलं होतं. तू हसलास."

त्याची पकड सुटली. मला वाटलं होतं मारेल. त्याऐवजी तो माझ्याच अंगावर कोसळला आणि लहान मुलासारखा रडायला लागला. हो रे, म्हणाला, सांगितलं होतंस, मी हसलो. मी त्याला धरून उभा राहिलो. दुसरं काय करणार होतो?

मान. डॉक्टर म्हणाले, जीव वाचेल, मानेखालचं आत्ताच काही सांगता येत नाही. आणि ज्या सुरात म्हणाले त्यावरून सांगता येत होतं. घशात नळी, त्यामुळे बोलणं बंद. तपासनिसाने स्वतःची कातडी वाचवायला कागदावर लिहिलं की धडक नेहमीपेक्षा जोराची होती. भोक तर त्याने पाडलं होतं, सही त्याची होती. मला कोणी काही विचारलं नाही. पिंजऱ्याची कामं मात्र सहापैकी एकही आली नाही.

बायको दोन दिवस रडली. "तिला सांगूनही बसली कशी हो?" म्हणायची. "एवढी हट्टी नव्हती ती." मी म्हणायचो, तरुण पोरं ऐकतात का कोणाचं.

नऊ दिवस मी दादाबरोबर दवाखान्यात बसलो. वीस वर्षांत एकत्र बसलो नव्हतो एवढा वेळ. माझ्यासाठी चहा तो आणायचा. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगायचा, "धाकट्याने सांगितलं होतं मला. डोकं त्याला होतं, मला नव्हतं." एवढी वर्षं जे ऐकायचं होतं ते दिवसातून दहादा ऐकायला मिळत होतं. सांगू का, पहिल्यांदा ऐकलं तेव्हा बरं वाटलं. हो, वाटलं. पोरगी काचेपलीकडे पडली होती आणि मला बरं वाटलं. नंतर मात्र तो बोलायला लागला की मी उठून पाणी प्यायला जायचो.

आठव्या दिवशी डॉक्टर म्हणाले, उद्या नळी काढू, मग बोलेल. दादा मला मिठी मारून नाचायचाच बाकी होता. आणि माझ्या मनात काय आलं ते सांगून टाकतो, म्हणजे तुम्हाला पुढं काही वाईट म्हणायचं शिल्लक राहायला नको. माझ्या मनात आलं, राहू दे ती नळी. अजून काही दिवस राहू दे. आणि मग असं आलं, की कायमचीच राहिली तर.

घरी बायकोला सांगितलं की उद्या कोणालाच आत सोडणार नाहीत, येऊ नकोस.

दुसऱ्या दिवशी सकाळी नळी काढली. अकराच्या सुमारास आम्हाला आत बोलावलं. खोलीत ऊन आलं होतं. तिच्या मानेला दोन्ही बाजूंनी पट्टे, डोकं अगदी सरळ, छताकडे. दादा पलंगावर ओणवा झाला. मी पायाकडच्या खुर्चीवर बसलो, मागे.

"बाळा," दादा म्हणाला. "बोल काहीतरी. बाबाशी बोल."

तिने ओठ हलवले. घोगरा, खरखरीत आवाज, तिचा नव्हताच तो. दादाने कान तोंडाशी नेला.

"दोन आवाज," ती म्हणाली. थांबली. श्वास घेतला. "पाइपाचे. काकाला… विचारलं होतं मी."

दादाने माझ्याकडे वळून पाहिलं. त्याच्या तोंडावर संशय असता तर बरं झालं असतं. नुसता गोंधळ होता. "कसले आवाज रे? काय म्हणतेय ही?"

मी म्हणालो, "गुंगीत आहे दादा. नऊ दिवस औषधं चाललीत. काहीबाही बोलणारच."

"नाही," ती म्हणाली. "टण्ण. ठक्क. काका म्हणाला…" आणि खोकला आला, नर्स धावली, आणि तिला आता बोलायला लावू नका म्हणून दादाला दटावलं.

दादाने तिच्या कपाळावरचे केस मागे सारले. "हो हो बाळा, विचारलं होतंस. सगळं खरं. आता बोलू नकोस. काका इथंच आहे बघ." मग मला म्हणाला, "अरे, तिथं काय कोपऱ्यात बसलास? तिला मान वळवता येत नाही. पुढे ये, तिला दिसशील असा बस."

मी खुर्ची पुढे घेतली आणि तिच्यावर वाकलो. तिने माझ्याकडे पाहिलं. मी पोरीला लहानपणापासून ओळखतो, तिचे डोळे गुंगीतले नव्हते. मग तिने ते मिटून घेतले, घट्ट.

"बघ," दादा कुजबुजला आणि माझा हात त्याने स्वतःच्या दोन्ही हातांत धरला, "तू समोर आलास आणि लागली झोप."